जमीन नाही म्हणून जामीन नाही

मागच्या महिन्याच्या बैठकीत एक वाद निघाला आणि तो अर्धाच राहिला, कारण शेवटची एस.टी. चुकली असती. वाद असा. मोर्च्यात पकडले गेलेल्यांसाठी आपण वर्गणी काढतो, वकील देतो, सुटतात तेव्हा जेलच्या दारात हार घेऊन उभे राहतो. ते बरोबरच आहे. पण जो एकटा सापडतो, लाकडाच्या मोळीपायी, मोहाच्या दारूपायी, भांडणात कोयता उगारला म्हणून, नाहीतर नुसत्या संशयावर, त्याच्यासाठी संघटनेनं का धावायचं? जुन्या कार्यकर्त्यांपैकी काहींचं म्हणणं पडलं की याच्या मागे लागलो तर जमिनीचं काम बाजूला राहील. एक मावशी तर सरळ म्हणाली, "चोर सोडवायला माझ्या कणगीतलं भात नको." मावशीचा राग खोटा नाही. तिच्या बकऱ्या दोनदा गेल्यात. पण आमचं मत वेगळं आहे. बैठकीत वेळ नव्हता म्हणून ते इथे लिहितो. ज्यांना वाचता येत नाही त्यांना पाड्यावर कुणी तरी वाचून दाखवा.

आमचं म्हणणं एवढंच की जेलचं काम हे जमिनीचंच काम आहे. कसं ते सांगतो.

आपल्यातल्या एका पाड्यावरचा एक भाऊ. नाव लिहीत नाही, त्याची केस अजून चालू आहे. बापाच्या वेळेपासून कसत असलेल्या प्लॉटवर नांगर धरला. गार्ड आला, बोलाचाली झाली, नांगराचं जू हिसकलं, धक्काबुक्की झाली. कुणी कुणाला आधी ढकललं हे कोर्ट ठरवील. पण कलम लागलं ३५३, सरकारी कामात अडथळा. हा गुन्हा तेव्हा जामिनाचा होता. म्हणजे जामीन देणं ही साहेबाची मेहेरबानी नव्हती, तेव्हाच्या फौजदारी कायद्याच्या ४३६ कलमाप्रमाणे तो आरोपीचा हक्क होता. मॅजिस्ट्रेटनंही तो दिला. दोन हजार रुपयांचा, एक जामीनदार. झालं, सुटला असं वाटलं. पण बेंचक्लार्कनं विचारलं, "जामीनदाराचा सातबारा कुठाय?"

आता पाड्यावर चाळीस घरं. सातबारा किती जणांकडे? कसतो ती जमीन फॉरेस्टची, तिचा सातबारा निघत नाही. जी थोडी मालकीची आहे ती कागदावर मेलेल्या आज्याच्या नावावर आहे, नाहीतर सावकाराच्या. वारस नोंद करायला तलाठ्याकडे गेलं तर तो आज नाही, उद्या नाही. सातबारा नसेल तर ऐपतीचा दाखला आणा म्हणतात. ऐपतीचा दाखला कशावर मिळतो? सातबाऱ्यावर. मामानं रेशनकार्ड दाखवलं, घरपट्टीची पावती दाखवली. चालत नाही म्हणाले.

भाऊ नागलीच्या लावणीला आत गेला तो दिवाळीला बाहेर आला. एवढ्या महिन्यात काय काय झालं बघा. प्लॉटवर नांगर फिरला नाही, मग फॉरेस्टवाल्यांनी चर खणले आणि सागाची रोपं लावली. घरात दाणा नाही म्हणून बायकोनं वीटभट्टीच्या मुकादमाकडून उचल घेतली. त्यातले पैसे कोर्टाच्या आवारात फिरणाऱ्या एका भाडोत्री जामीनदाराला दिले. त्याच्याजवळ सातबारा असतो, तो सातबारा वर्षभर जामीन देत फिरतो. भाऊ सुटला आणि उचल फेडायला बायकापोरं घेऊन भट्टीवर गेला. तारखेला यायला मुकादम सोडत नाही. तारीख चुकली की वॉरंट.

अजून शिक्षा झालेली नाही, गुन्हा शाबीत नाही. तरी जमीन गेली, घर भट्टीवर गेलं. आम्ही विचारतो, पट्ट्यासाठी अर्ज भरणं हे जमिनीचं काम, आणि माणूस आत असताना त्याचा प्लॉट राखणं हे जमिनीचं काम नाही का? फॉरेस्टवाल्यांना हे आपल्याआधी समजलंय. कोर्टात केस हरली तरी त्यांचं बिघडत नाही. चार महिने माणूस आत राहिला की त्यांचं काम होतं. जमीन नाही म्हणून जामीन नाही, आणि जामीन नाही म्हणून राहिलेली जमीनही जाते.

याच्यावर कोर्टानं काही सांगितलंय का? सांगितलंय, आणि आजचं नाही. १९७८ सालचा मोतीराम नावाचा मध्य प्रदेशातल्या एका गवंड्याचा निकाल आहे. सुप्रीम कोर्टानं त्याला जामीन दिला. खालच्या मॅजिस्ट्रेटनं दहा हजारांचा जामीनदार मागितला आणि सख्ख्या भावाची जामीनकी नाकारली, का तर भाऊ आणि त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात. तो परत सुप्रीम कोर्टात गेला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सांगितलं की गरीब माणसाला न झेपणारा जामीन मागणं म्हणजे जामीन नाकारणंच आहे, आणि एक हजाराच्या जातमुचलक्यावर सोडा असा हुकूम दिला. जातमुचलका म्हणजे स्वतःच्याच सहीवर किंवा अंगठ्यावर सुटणं. दुसरा जामीनदार लागत नाही, सातबारा लागत नाही. तेव्हाच्या ४३६ कलमातच लिहिलेलं होतं की कोर्टाला योग्य वाटलं तर जामीनदाराशिवाय नुसत्या मुचलक्यावर सोडता येतं. ४४० कलमात लिहिलेलं होतं की जामिनाची रक्कम माणसाची परिस्थिती बघून ठरवायची, अवाच्या सवा ठेवायची नाही, आणि जास्त वाटली तर सेशन कोर्टाकडून कमी करून घेता येते. ४४५ मध्ये होतं की कोर्टानं परवानगी दिली तर जामीनदाराऐवजी रोख रक्कम भरता येते. हे सगळं त्या भावाच्या वेळी कायद्यात होतंच. फक्त ते कुणी म्हटलं नाही. वकिलानं म्हटलं नाही, कारण वकील तारखेला आलाच नव्हता.

पुढच्याच वर्षी, १९७९ साली, बिहारच्या तुरुंगांचा निकाल लागला. हुसैनारा खातून या नावानं तो ओळखला जातो. पेपरात बातम्या आल्या की तिथे कच्चे कैदी वर्षानुवर्षं नुसते पडून आहेत, बाया आणि पोरं सुद्धा. काही जण तर असे की गुन्हा शाबीत झाला असता तर जेवढी जास्तीत जास्त शिक्षा झाली असती त्याच्यापेक्षा जास्त दिवस ते खटला सुरू होण्याआधीच आत काढून बसले होते. त्या बातम्यांवर पुष्पा कपिला हिंगोरानी या वकीलबाईंनी अर्ज केला. न्यायमूर्ती भगवती यांच्या पुढे तो चालला. कोर्टानं सांगितलं की खटला लवकर चालणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधला, म्हणजे जगण्याच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि गरिबाला फुकट वकील देणं ही सरकारची जबाबदारी आहे. किती तरी लोक जातमुचलक्यावर बाहेर आले.

आणि एक निकाल मे १९९६ चा आहे, कॉमन कॉज या संस्थेच्या अर्जावरचा. तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा असेल, खटला एक वर्ष किंवा जास्त पडून असेल आणि आरोपी सहा महिने किंवा जास्त आत असेल, तर कोर्टानं त्याला जामिनावर किंवा जातमुचलक्यावर सोडायचंच, असं त्यात सांगितलं होतं. काही ठरावीक गुन्हे त्यातून वगळलेत, पण आपल्या लोकांवर लागतात त्यातले बरेच त्यात बसतील असं आम्हाला वाटतं. आपल्या तालुक्याच्या जेलमध्ये असे किती आहेत हे कुणी मोजलंय का?

इथे कुणी म्हणेल, पोरांनो, एवढे चांगले निकाल आहेत तर मग रडता कशाला. रडतो यासाठी की निकाल दिल्लीत लागतो आणि कैदी तालुक्यात असतो. मधलं अंतर कुणी चालत नाही. दिल्लीचा निकाल आपोआप पायी चालत आपल्या कोर्टात येत नाही. कुणाला तरी उभं राहून म्हणावं लागतं, "साहेब, असा असा निकाल आहे."

आता बेडीचं बघू. बाजाराच्या दिवशी स्टँडवर आपण सगळ्यांनी बघितलंय. दोघांना एका बेडीत, बेडीला दोर, दोराचं टोक पोलिसाच्या हातात, तसेच एस.टी.त चढवतात. बैल तरी बाजारात एवढ्या अंगचटीनं नेत नाहीत. पोराबाळांपुढे, व्याही-सोयऱ्यांपुढे. माणूस निर्दोष सुटला तरी तो दिवस लोक विसरत नाहीत. सुप्रीम कोर्टानं १९८० मध्येच, प्रेमशंकर शुक्ला नावाच्या तिहार जेलमधल्या कच्च्या कैद्यानं पाठवलेल्या तारेवरून, हे बंद करायला सांगितलं. बेडी हा नियम नाही. माणूस पळून जाईल असं खरोखरच दिसत असेल तरच, आणि कारण लिहून, आणि ते कारण कोर्टाला दाखवून. १९९५ मध्ये आसामच्या एका प्रकरणात, गुवाहाटीच्या हॉस्पिटलात खाटेला बांधून ठेवलेल्यांबद्दल पत्रकार कुलदीप नय्यर यांनी पत्र लिहिलं होतं, त्यात कोर्टानं अजून पुढे जाऊन सांगितलं की मॅजिस्ट्रेटच्या हुकुमाशिवाय जेलमध्ये, कोर्टात नेताना-आणताना, कैद्याला बेडी घालायचीच नाही.

या दोन निकालांच्या मध्ये एक निकाल आहे, तो आपल्या जास्त जवळचा. तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यातल्या केसला भागात किसान आदिवासी संघटना आहे. तिच्या कार्यकर्त्यांनी धरणं धरलं म्हणून त्यांना पकडलं आणि बेड्या घालून कोर्टात नेलं. ते पळून जाणारे नव्हते, ते तर जामीनही मागत नव्हते. १९९० मध्ये सुप्रीम कोर्टानं हे बेकायदा ठरवलं आणि घेऊन जाणाऱ्या पोलिसांवर कारवाई करायला मध्य प्रदेश सरकारला सांगितलं. निकाल सुनील गुप्ता या नावानं आहे. हे नाव पाठ करून ठेवा. पुढच्या वेळी स्टँडवर बेडी दिसली तर हवालदाराला विचारायचं, "मॅजिस्ट्रेटचा हुकूम आहे का?" भांडण करायचं नाही, नुसतं विचारायचं. चार जणांनी विचारलं तरी फरक पडतो, कारण हवालदारालाही नोकरी आहे.

मारहाणीचं लिहिताना हात जड होतो. चौकीवर नेलं की मारायचंच, हे एवढं ठरलेलं आहे की आपले लोकही सुटून आल्यावर म्हणतात, "जास्त नाही मारलं." हे 'जास्त नाही' कुठून आलं? कायद्यात थोडं मारायचं असं कुठेच नाही.

ओरिसात १९८७ मध्ये एका २२ वर्षांच्या मुलाला पोलिसांनी चौकीत ठेवलं, दुसऱ्या दिवशी त्याचं प्रेत रेल्वेच्या रुळावर मिळालं. पोलीस म्हणाले पळून गेला, गाडीखाली आला. आईनं, नीलाबती बेहेरा यांनी, सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं. वकिलाचा अर्ज नाही, पत्र. कोर्टानं ते अर्ज म्हणून घेतलं, चौकशी करवली, पोलिसांची गोष्ट मानली नाही, आणि १९९३ मध्ये सरकारनं आईला दीड लाख रुपये द्यावेत असा हुकूम केला. मेलेलं पोर दीड लाखानं येत नाही. पण ताब्यात घेतलेल्या माणसाचा जीव ही सरकारची जबाबदारी आहे, हे त्यातून पक्कं झालं. त्याआधी १९८३ मध्ये बिहारच्या रुदुल साह यांनाही भरपाई मिळाली होती. ते १९६८ मध्ये निर्दोष सुटले होते आणि १९८२ पर्यंत जेलमध्येच होते. चौदा वर्षं! कोर्टानं सोडलं होतं, जेलनं सोडलं नाही, आणि विचारायला कुणी गेलं नाही. आम्हाला या गोष्टीत सगळ्यात भीती वाटते ती शेवटच्या वाक्याची.

आता १८ डिसेंबर १९९६ चा निकाल, डी. के. बसू. हा घरात भिंतीला चिकटवून ठेवावा असा आहे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या छातीवर नावाची पट्टी पाहिजे. अटकेचा कागद जागेवरच करायचा, त्यावर तारीख आणि वेळ टाकायची, घरच्या माणसाची किंवा वस्तीतल्या चांगल्या माणसाची साक्षीदार म्हणून सही आणि अटक झालेल्याचीही सही. कुणाला पकडलं, कुठे ठेवलं हे त्याच्या घरी किंवा त्यानं सांगितलेल्या माणसाला कळवायचं. मागितलं तर अंगावरच्या जखमा तपासून लिहून घ्यायच्या आणि त्याची नक्कल त्याला द्यायची. कोठडीत असेपर्यंत दर अठ्ठेचाळीस तासांनी डॉक्टरची तपासणी. चौकशीच्या वेळी वकिलाला भेटता येतं, पूर्ण वेळ नाही पण भेटता येतं. सगळ्या कागदांच्या नकला मॅजिस्ट्रेटकडे जायच्या. हे मोडलं तर खात्याची कारवाई तर आहेच, कोर्टाचा अपमान केला म्हणून हायकोर्टात अर्जही करता येतो.

या निकालात पोलिसांबरोबर माणसाला पकडून ठेवायची ताकद असलेल्या इतर बऱ्याच खात्यांचं नाव घेतलंय. फॉरेस्टचं नाव आम्हाला त्यात दिसलं नाही. ते म्हणणार, आम्ही पोलीस नाही, आम्हाला लागू नाही. आमचं म्हणणं, राज्यघटनेचं कलम २२ पकडलेल्या प्रत्येक माणसासाठी आहे, कुणी पकडलं ते तिथे लिहिलेलं नाही. वाटेचा वेळ सोडून चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे न्यायचं म्हणजे न्यायचं. नाक्यावर नाहीतर रेंज ऑफिसच्या मागच्या खोलीत दोन रात्री बसवून ठेवायचं आणि "अटक कुठे केली, विचारपूस केली" म्हणायचं, हे चालू देऊ नये. जंगल कायद्याच्या ६५ कलमात रेंजरला मुचलका घेऊन माणूस सोडायचा अधिकार दिलाय. तो अधिकार कुणी वापरल्याचं आमच्या ऐकण्यात नाही. कोंबडी घेऊन सोडल्याचं ऐकलंय.

बायांचं वेगळं लिहायला पाहिजे. शीला बारसे या पत्रकार बाईंनी मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात १५ बायांशी बोलून सुप्रीम कोर्टाला पत्र लिहिलं की त्यातल्या ५ जणींना पोलीस कोठडीत मारहाण झाली असं त्या सांगतात. १९८३ चा हा निकाल आपल्या महाराष्ट्र सरकारलाच दिलेला आहे. बायांसाठी वेगळी कोठडी, तिथे बाई पोलीस. बाईची चौकशी बाई पोलिसासमोरच. आणि मॅजिस्ट्रेटनं प्रत्येकाला विचारायचं की मारहाण झाली का, आणि डॉक्टरकडून तपासून घ्यायचा तेव्हाच्या ५४ कलमाखाली हक्क आहे हे सांगायचं. शिवाय साक्षीला म्हणून बाईला ठाण्यात बोलावताच येत नाही, तिच्या घरी येऊन विचारायचं असं तेव्हाचं १६० कलम म्हणत होतं.

पण कोर्ट नेहमीच वाचवतं असं आम्ही म्हणणार नाही. १९७२ मध्ये गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात आपल्याच एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं शिक्षा दिली. सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये पोलिसांना सोडून दिलं, कारण काय, तर अंगावर जखमा नाहीत, ओरडली नाही, म्हणजे राजी असेल. रात्रीच्या वेळी, ठाण्याच्या आत, पोलिसांपुढे. ज्या १९७८ च्या कोर्टानं मोतीराम गवंड्याला सोडवलं तेच हे कोर्ट. मग पुढच्या वर्षी कायदा शिकवणाऱ्या चार प्राध्यापकांनी, उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी, न्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. बाया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये कायदा बदलला. आता ताब्यातल्या बाईनं कोर्टात सांगितलं की मी राजी नव्हते, तर कोर्टानं ते धरून चालायचं, नाही हे पोलिसानं शाबीत करायचं. म्हणजे कोर्टाला सुद्धा रस्त्यावरून सांगावं लागतं. हे आम्ही न घाबरता लिहितो.

आणि खालच्या कोर्टात तर बहुतेक वेळा वाईट हेतू सुद्धा नसतो, नुसती घाई असते. सकाळी अकरा ते दुपार, चाळीस माणसं रिमांडला. साहेब मान खाली घालून विचारतात, "काही तक्रार?" ज्यानं रात्री मारलं तो हवालदार पाठीमागेच उभा. प्रश्न कोर्टाच्या मराठीत, माणूस वारली नाहीतर कातकरी बोलणारा. तो मान हलवतो. कागदावर लागतं, तक्रार नाही. झालं. नंतर सगळ्या केसमध्ये ते 'तक्रार नाही' आपल्या मानेवर बसतं. म्हणून कोर्टाच्या खोलीत आपलं माणूस हजर असणं, आरोपीला दिसेल असं उभं असणं, हे आम्हाला वकिलाइतकंच मोठं वाटतं. आपलं माणूस दिसलं की तोंड उघडतं.

आता मावशीच्या प्रश्नाकडे येतो. चोराचं काय?

तिहार जेलमध्ये सुनील बात्रा नावाचा फाशीची शिक्षा झालेला कैदी होता. त्यानं सुप्रीम कोर्टाच्या न्यायमूर्तींना चिठ्ठी लिहिली. स्वतःसाठी नाही. दुसऱ्या एका कैद्याला वॉर्डरनं, भेटायला येणाऱ्या नातेवाइकांकडून पैसे काढण्यासाठी, फार वाईट रीतीनं छळलं होतं, त्याच्यासाठी. १९७९ च्या डिसेंबरात कोर्टानं त्या चिठ्ठीलाच अर्ज मानलं आणि सांगितलं की जेलमध्ये गेल्यानं माणसाचे सगळे हक्क जात नाहीत. शिक्षेनं जेवढं काढून घेतलं तेवढंच जातं, बाकीचा माणूस शिल्लक राहतो. जेलमध्ये तक्रारपेट्या ठेवा, जिल्हा न्यायाधीशांनी जेलला भेट द्यावी, वकिलांना कैद्यांना भेटू द्यावं, असे हुकूम निघाले. हे दोघं कोण होते? दोघंही शिक्षा झालेले. आपल्या बैठकीत त्यांचं नाव निघालं असतं तर आपण म्हटलं असतं, ही आपली माणसं नाहीत. आणि त्याच चिठ्ठीच्या वाटेनं पुढे नीलाबती बेहेरांचं पत्र गेलं, आपलंही जाऊ शकतं.

दुसरं, चोर कोण हे ठरवतो कोण? इंग्रजांच्या १९२७ च्या जंगल कायद्यानं आपण सगळेच चोर आहोत. सरपण आणलं की चोर, गुरं चरली की चोर. त्या कायद्याचा शिक्का आपण आपल्याच माणसावर मारत बसलो तर फॉरेस्टला वेगळा गार्ड नेमायला नको.

पण खरोखर वाईट केलेले असतात, ते आम्ही लपवत नाही. बायकोला मारलेला असतो. डाकीण म्हणून म्हातारीला मारलेले असतात. अशा वेळी संघटना त्या बाईच्या, त्या म्हातारीच्या घरच्यांच्या बाजूला उभी राहील, राहिलीच पाहिजे, आणि त्याला जामीन मिळू नये असंही कोर्टात सांगेल. तरी त्याला ठाण्यात उलटं टांगू नये, हेही तीच संघटना सांगेल. शिक्षा देणं हे कोर्टाचं काम आहे, फौजदाराच्या बुटाचं नाही. आमच्यातही यावर एकमत नाही. दोघं जण म्हणतात की डाकिणीच्या केसमध्ये आपण फुकट वकिलाचा अर्जसुद्धा लिहून देऊ नये. आमचं बाकीच्यांचं म्हणणं, अर्ज लिहून द्यावा, कारण वकिलाशिवाय झालेली शिक्षा वरच्या कोर्टात टिकत नाही आणि मग तो मिशी पिळत गावात येतो.

फुकट वकिलावरून सांगायचं म्हणजे, विधी सेवा प्राधिकरणाचा कायदा १९८७ चा, पण लागू झाला १९९५ च्या नोव्हेंबरात. त्याच्या १२ व्या कलमात आदिवासी, बाया आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना फुकट वकील मिळतो. आदिवासीला उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही. जातीचा दाखला नसला तरी कोठडीत आहे एवढंच पुरे. मागितला तर कलम दाखवा. आता हे वकील येतात का, आले तरी बोलतात का, हा वेगळा प्रश्न आहे. ज्याला फी कमी मिळते तो मन लावून काम करत नाही, हे आपल्याला वीटभट्टीवरूनही माहीत आहे. म्हणून वकील मिळाला की काम संपलं नाही. त्याच्या मागे तारखेच्या आदल्या दिवशी जाऊन बसावं लागतं. आणि चार्जशीटचे दिवस मोजावे लागतात. साठ दिवसांत, मोठ्या गुन्ह्यात नव्वद दिवसांत, पोलिसांनी चार्जशीट दिली नाही तर जामीन हक्कानं मिळतो. पण मागावा लागतो, आणि चार्जशीट यायच्या आत मागावा लागतो. आत बसलेल्या माणसाला दिवस मोजता येतात, पण अर्ज कुणी करायचा ते बाहेरच्यांनी बघायचं.

काही जण म्हणतात, गावानं जामीन निधी करावा. घरटी पायलीभर भात काढावं आणि त्यातून जामीन भरावा. अडीनडीला करू. पण त्याची सवय लागू नये असं आम्हाला वाटतं. आपण भात विकून जामीन भरत राहिलो तर कोर्ट सातबारा मागत राहील. आधी जातमुचलक्याचा अर्ज, तो फेटाळला तर सेशनला अर्ज, तिथेही नाही तर हायकोर्टाला पत्र. भात त्याच्यानंतर.

तर पुढच्या बैठकीला येताना प्रत्येक पाड्यानं एक कागद आणायचा. आपल्या पाड्याचा कोण आत आहे, मोर्च्यातला असो की नसो. कुठल्या तारखेला पकडलं, कुणी पकडलं, कलम काय, कोणतं कोर्ट, जामीन किती मागितला, पुढची तारीख कधी. त्याचा प्लॉट कुठे आहे आणि सध्या कोण कसतंय हेही लिहा, नाहीतर पावसाआधी तिथे चर खणलेले दिसतील. शेजारच्या चार घरांनी मिळून त्याचा नांगर धरायचा की नाही ते त्याच दिवशी ठरवू. जेलच्या मुलाखतीला आळीपाळीनं कोण जाईल त्याचीही नावं काढू. दंड भरलेला असेल तर पावती आणा. पावती दिली नसेल तर दिवस, गार्डचं नाव आणि काय काय नेलं ते लिहून आणा, कोंबड्यांसकट.